जुनी चिनी-जपानी नाणी जमवताय? 'किंमत किती?' विचारायच्या आधी या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी व्हॉट्सॲपवर फोटो येतो. मधे चौकोनी भोक असलेलं नाणं, उलटं धरलेलं, खाली फुलाफुलांची चादर, वरून फ्लॅशचा पांढरा चट्टा, आणि सोबत एकच ओळ, "दादा किंमत किती येईल?" नाणं कुठलं ते माहीत नाही, मागच्या बाजूचा फोटो नाही, वजन नाही, पण आजोबांच्या पेटीत सापडलं म्हणजे लाखाचं असणार हे मात्र पक्कं ठरलेलं. मी चौदा-पंधरा वर्षं ही भोकाची नाणी जमवतोय आणि खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः पैसे घालून केल्यात, त्यामुळे कुठे चिडून लिहिलंय असं वाटलं तर ती चीड निम्मी माझ्यावरचीच आहे.

नाणं उलटं धरून वाचणं

चार अक्षरं, चार दिशा, नवीन माणूस हमखास आडवं नाहीतर उलटं धरतो आणि मग म्हणतो कॅटलॉगमधे सापडत नाही. माझी सवय सांगतो. आधी "बाओ" हे अक्षर शोधायचं. वर छप्पर, मधे गिचमीड, खाली दोन आडव्या रेघा असलेलं उभं खोकं आणि खोक्याला फाकवलेले दोन पाय. हे अक्षर डाव्या हाताला आलं की नाणं सरळ. मग उजवीकडे "तोंग" असेल तर वाचायचं वर, खाली, उजवी, डावी. "तोंग" खाली असेल तर घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरायचं. दोन्ही पद्धतीत बाओ डावीकडेच येतं म्हणून तेच आधी धरायचं. बानल्यांग आणि वूजू ही फार जुनी नाणी यात बसत नाहीत, त्यांच्यावर दोनच अक्षरं असतात आणि ती उजवीकडून डावीकडे वाचायची.

आणि हो, चीनमधे तोंगबाओ, जपानमधे त्सूहो, कोरियात तोंगबो, व्हिएतनाममधे थोंग बाओ, ही चार वेगळी नावं नाहीत, अक्षरं तीच दोन आहेत. आपण ज्ञ ला द्न्य म्हणतो, हिंदीवाला ग्य म्हणतो, गुजराती माणूस ग्न म्हणतो, लिहितात सगळे तेच, तसलाच प्रकार. त्यामुळे "यावर चिनी अक्षरं आहेत म्हणजे चिनी नाणं" हे वाक्य ऐकलं की मी पाणी प्यायला उठतो. चारही देशांची नाणी त्याच अक्षरांत असायची.

ॲपला विचारणं

विचारा, माझी ना नाही, पण फोटोवरून नाणं ओळखणारं ॲप जे नाव सांगतं ते अक्षरांच्या जवळपासचं असतं, नाण्याच्या जवळपासचं असेलच असं नाही. कांगशी आणि छ्येनलोंग या दोन चिनी बादशहांची नावं तर ते प्रसादासारखी वाटत सुटतं. शिवाय खोट्या नाण्यावर अक्षरं बरोबरच असतात की हो, तीच तर कॉपी केलेली असतात.

नाण्यावरचं नाव म्हणजे नाण्याची तारीख समजणं

ही माझी आवडती चूक, म्हणजे लोकांनी केली की मला राग येतो आणि मी स्वतः ती सहा वर्षं केली.

आधी सोपं उदाहरण. कानएई त्सूहो, जपानचं एक मोनचं नाणं (मोन हे तिथलं जुनं चलन), अगदी सर्रास मिळतं आणि नवशिक्याने सुरुवात यानेच करावी असं माझं मत आहे. कानएई हे राजवटीतल्या एका कालखंडाचं नाव, तो कालखंड १६२४ ते १६४४. मग लोक सरळ पाकिटावर लिहितात "१६२४-१६४४" आणि मोकळे होतात. पण सरकारी टांकसाळीत हे नाणं १६३६ पासून ओतायला लागले आणि तेच नाव ठेवून १८६० च्या दशकापर्यंत ओतत राहिले. सव्वादोनशे वर्षं! नाव तेच, तारीख बदलत गेलेली. आणि तांब्याची कानएई तर पुढे एक रिन (येनचा हजारावा भाग) म्हणून १९५३ पर्यंत कायद्याने चालत होती, म्हणजे दुसरं महायुद्ध संपल्यावरही.

मग जुनं कुठलं नवं कुठलं कसं कळायचं? भिंग घ्या आणि "हो" (तेच आपलं बाओ) या अक्षराचे खालचे दोन पाय बघा. जुन्या कानएईत, म्हणजे साधारण १६५९ पर्यंतच्या, ते पाय जपानी कातकाना लिपीतल्या "सु" सारखे दिसतात, एक पाय दुसऱ्याला चिकटून फुटल्यासारखा. १६६८ पासूनच्या नव्या कानएईत ते "हा" सारखे, दोन्ही सुटे, आपापल्या दिशेला. बस, एवढाच फरक, दोन मिलिमीटरचासुद्धा नाही. १६६८ च्या नाण्याच्या पाठीवर वरच्या बाजूला "बुन" असं एक अक्षर असतं, त्याबद्दल क्योतोचा मोठा बुद्ध वितळवून ही नाणी पाडली अशी गोष्ट सांगतात. आणि पाठीवर लाटा असतील तर ते चार मोनचं. लाटा मोजा. २१ असतील तर १७६८ च्या पहिल्या खेपेचं, ११ असतील तर त्याच्या पुढचं. मोजायला एक मिनिट लागतं, तेवढा धीर नसतो, "लाटावालं आहे" म्हणून फोटो पाठवतात.

आता माझी कथा. मी एका प्रदर्शनात दीडशे रुपयांना एक युआनफेंग तोंगबाओ घेतलं होतं. युआनफेंग म्हणजे चीनच्या नॉर्थर्न सोंग घराण्यातला एक कालखंड, १०७८ ते १०८५. मी मोठ्या अभिमानाने पाकिटावर "सोंग, १०७८" लिहिलं, अल्बममधे पहिल्या पानावर लावलं, घरी येणाऱ्या प्रत्येकाला साडेनऊशे वर्षं जुनं म्हणून दाखवलं, मेव्हण्याला तर दोनदा. सहा वर्षांनी पुण्यातल्याच एका प्रदर्शनात एक वयस्कर संग्राहक काका भेटले, त्यांना अल्बम दाखवला. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि तिथेच थांबले.

"लिपी कुठली आहे ही?"

मी म्हटलं, "चिनी."

काका हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "चिनी तर सगळंच आहे रे. सोंगवाले एकच नाणं दोन-दोन, कधी तीन लिप्यांत काढायचे. युआनफेंग बाजारात दिसतं ते एकतर शिक्क्याच्या लिपीत, वळणंवळणंवाल्या, नाहीतर धावत्या लिपीत, हाताने भरभर लिहिल्यासारख्या. हे बघ, हे छापील पुस्तकासारखं सरळ-सरळ लिहिलंय. ही तिसरी कुठून आली?"

ती नागासाकीहून आली होती. १६५९ ते १६८५ या काळात नागासाकीत परदेशी व्यापारासाठी मुद्दाम सोंग काळातल्या नावाची नाणी ओतली जायची, कारण बाहेर लोकांना ती ओळखीची होती, आणि डच व्यापारी ती जहाजं भरून व्हिएतनामला न्यायचे. जपानी लोक त्याला गेन्पो त्सूहो म्हणतात. अक्षरं तीच युआनफेंगची. माझं साडेनऊशे वर्षं जुनं चिनी नाणं एका वाक्यात साडेतीनशे वर्षांचं जपानी झालं. मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही.

म्हणजे नाव वाचलं की काम संपत नाही, तिथे सुरू होतं. मिंग बादशहाच्या नावाचं होंगवू तोंगबाओ जपानात काजिकी गावातही ओतलेलं आहे, पाठीवर का, जि किंवा कि यातलं एक अक्षर असतं, म्हणून पाठ बघायची. व्हिएतनाममधल्या लोकांनी तर सोंगची नावं इतकी उचललीत की मी पातळ, हलकं, अक्षरं जरा बसकी दिसली की आधी व्हिएतनामच समजतो आणि मग उलट सिद्ध करायला बसतो. कोरियाचं सांगप्योंग तोंगबो १६७८ पासून दोनशेहून जास्त वर्षं समोरून तसंच्या तसं आहे, सगळी माहिती पाठीवर, कुठल्या खात्याने पाडलं, कितवी मालिका वगैरे. पाठीचा फोटो न पाठवणाऱ्या माणसाला मी आता उत्तरच देत नाही.

लाल फितीतली तीन नाणी

गिफ्टच्या दुकानात, एक्स्प्रेसवेच्या फूडमॉलमधे, रिक्षाच्या आरशाला, सगळीकडे असतात. फेंगशुईची. तीन नाणी लाल फितीत ओवलेली, पर्समधे ठेवली की पैसा येतो म्हणे, दुकानदाराकडे तरी येतो. याला माझा काही विरोध नाही. विरोध आहे तो त्यातली फीत सोडून नाणं "३०० वर्षं जुनं छ्येनलोंग" म्हणून विकण्याला आणि त्याहून जास्त ते घेण्याला.

छ्येनलोंग (१७३६ ते १७९५) खरं असलं तरी महाग नसतं, एवढ्या संख्येने पाडलंय की साधं खरं नाणं आपल्याकडे चहा-वड्याच्या बिलात बसतं, मग खोटं घ्यायचं कशाला? ओळखायचं असं. तीनही नाणी शेजारी ठेवा आणि एकच खड्डा तीनही नाण्यांवर त्याच जागी आहे का बघा. खरी नाणी वाळूच्या साच्यात ओतलेली असतात, प्रत्येक साचा मोडायचा, त्यामुळे दोन नाणी जुळी निघत नाहीत. खड्डा, फुगवटा, तिरकं भोक, सगळं तंतोतंत सारखं आलं की खेळ खलास. मग कड बघा. ओतल्यावर नाणी चौकोनी सळईत ओवून एकत्र कानशीने घासायचे, भोक चौकोनी असण्याचा हा साधासरळ फायदा, नाणं सळईवर गरगर फिरत नाही. "आकाश गोल, पृथ्वी चौकोनी" हे तत्त्वज्ञान आहेच, पण कारागिराला कानस मारायची होती हेही खरं. त्यामुळे खऱ्या कडेला कानशीच्या बारीक रेघा असतात. फेंगशुईवाल्याची कड एकतर गुळगुळीत असते नाहीतर मधोमध शिवण असते. पाठीवर ड्रॅगन आणि फिनिक्स दिसला तर ते चलन नाहीच, ते ताईत आहे, जुना किंवा नवा.

जुनं करायचे प्रकारही बघून ठेवा. हिरवा रंग फासलेला असतो तो टूथपिकने निघतो आणि खाली पिवळंधमक पितळ दिसतं. खऱ्या नाण्याचा हिरवटपणा धातूतूनच उगवलेला असतो, खरवडला तरी तसा सुटत नाही. खोल मातीत राहिलेल्या नाण्याला एक वेगळाच वास असतो, आणि ताज्या ॲसिडमधून काढलेल्याला वेगळा, हे लिहून समजणार नाही, शंभर नाणी हुंगलीत की समजेल. हो, मी नाणी हुंगतो. घरचे बोलतात.

चिंच

आता दुसरी मोठी चूक. ही मी एका रात्रीत केली.

माझा पहिला लॉट चाळीस नाण्यांचा होता, मिसळ, न ओळखलेली, मातीने भरलेली. रात्री अकराला पार्सल फोडलं आणि धीर कुठला. आई तांब्याचं घंगाळ चिंच आणि मीठ लावून घासते, कसं लखलखतं, मग हीपण तांब्याचीच की. स्टीलच्या पातेल्यात चिंचेचा कोळ, मूठभर मीठ, त्यात चाळीसच्या चाळीस नाणी, वर झाकण, झोपलो.

सकाळी पाणी हिरवं आणि नाणी गुलाबी. खरंच गुलाबी, सोललेल्या त्वचेसारखी. हजार वर्षांत चढलेला तो काळा-तपकिरी थर, ज्यावर अक्षरं उठून दिसत होती, तो गेला. त्यात एक काइयुआन तोंगबाओ होतं, तांग घराण्याचं, हा प्रकार ६२१ साली सुरू झाला. पाठीवर नखाने दाबल्यासारखी चंद्रकोर होती, लोक त्याची महाराणीने मेणाच्या नमुन्यावर नख टेकवल्याची गोष्ट सांगतात. रात्री ती कोर मला भिंगाशिवाय दिसली होती, भोवती माती होती म्हणून. सकाळी सगळं एकाच गुलाबी रंगाचं, कोर शोधायला नाणं दिव्याखाली तिरकं धरायला लागलं.

पण खरी मजा जुलैत आली. पावसाळा सुरू झाला, हवेत ओल, आणि सहा नाण्यांवर फिकट हिरवी पावडर उगवली, बुरशीसारखी. पुसली की परत. हा तांब्याचा रोग, मिठातला क्लोराइड धातूत शिरतो आणि ओल मिळाली की आतून खात सुटतो. मीठ कोणी घातलं होतं? मीच. त्यातली चार नाणी गेली, म्हणजे आहेत, पण अक्षरं भुसा झालीत. ती मी एका वेगळ्या डबीत ठेवलीत, नवीन कुणी "साफ कशाने करू?" विचारलं की डबी उघडून दाखवतो.

त्यामुळे माझी सवय अशी, साफ करतच नाही. फारच माती असेल तर डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते (पाणी मागा, ॲसिड नको, एकाने आणलं होतं), त्यात नाणं ठेवायचं, चार-चार दिवसांनी पाणी बदलायचं, महिना लागला तर लागू दे. मग बांबूच्या टूथपिकने माती उकरायची, धातूचं काही लावायचं नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून ते नको. पूर्ण वाळवून मग पाकिटात. पावडर दिसलेलं नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून लांब, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, कोकणात राहत असाल तर दुप्पट. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, कोल्ड्रिंक, यूट्यूबवर चकाचक करणारे जे व्हिडिओ आहेत ते बघून मला पोटात कालवतं.

बाकीच्या, पटापट

मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं वापरू नका, दोन-तीन वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट लेप येतो.

"चुंबकाला चिकटलं म्हणजे खोटं", चांदीच्या डॉलरला बरोबर, भोकाच्या नाण्यांना नाही. कानएई १७३९ पासून लोखंडातही आली, सोंग काळात सिचुआनमधे लोखंडी नाणी चालायची. मी एक चांगलं लोखंडी नाणं या नियमाने परत केलेलं आहे.

"जुनं म्हणजे दुर्मिळ" हेही नाही. त्याच युआनफेंगच्या काळात १०८० साली पन्नास लाखांहून जास्त माळा पाडल्या, एका माळेत हिशोबाने हजार नाणी, म्हणजे वर्षाला पाचशे कोटी. ती जपानपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत सापडतात, आपल्याकडे तंजावरच्या बाजूलाही चिनी नाण्यांचे साठे निघालेत.

चिनी बादशहा शियानफेंगची (१८५१ ते १८६१) मोठ्ठी नाणी, शंभर, पाचशे, हजार कॅशवाली (कॅश म्हणजे साधं भोकाचं एक नाणं), पहिल्या तीन वर्षांत घेऊच नका. ताइपिंग नावाच्या मोठ्या बंडात चीनच्या सरकारकडे पैसा नव्हता म्हणून असली मोठ्या आकड्याची नाणी काढली, खरी महाग आहेत आणि म्हणूनच खोटी ढिगाने आहेत. कांगशीचा वीस टांकसाळींचा, म्हणजे टांकसाळींची नावं ओळीने लावली की कविता होते तो, "कवितेचा सेट" एकदम कोणी देत असेल तर नमस्कार करून निघा, एकेक करून जमवा, त्यातच मजा आहे.

तेन्पो त्सूहो, जपानचं लांबट अंडाकृती, १८३५ पासूनचं, शंभर मोनचं, याचं वजन साधारण वीस ग्रॅम भरायला पाहिजे आणि कडेवर फुलाचा बारीक ठसा असतो. पुढे मेइजी सरकारने त्याची किंमत आठ रिन ठरवली, दहा रिनचा एक सेन, म्हणून जपानीत जरा कमी अक्कल असलेल्याला तेन्पोसेन म्हणायला लागले. आपल्याकडे सोळा आणे म्हणतात ना, हा बारा-तेरा आण्यांचा माणूस.

यंत्रावर पाडलेल्या जपानी नाण्यांवर वर्ष राजाचं असतं. मेइजीला १८६७ मिळवा, तैशोला १९११, शोवाला १९२५. चिनी प्रजासत्ताकाला १९११. "वर्ष ३" म्हणजे इसवी सन ३ नव्हे, हो, विचारलंय एकाने, चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई यांच्या १९१४ च्या चांदीच्या डॉलरबद्दल. त्याच डॉलरबद्दल अजून एक, वजन २६.७ ग्रॅमच्या आसपास आलं नाही तर पुढची चर्चा नको. वजनकाटा पाचशे रुपयांत येतो, खोटा डॉलर पाच हजारांत.

आणि शेवटचं, ब्रिटिश ट्रेड डॉलर. एका बाजूला त्रिशूळ घेऊन उभी ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलय अक्षरं, १८९५ पासूनचा, हाँगकाँग आणि मलायाकडच्या व्यापारासाठी. लोक एकतर चिनी समजतात नाहीतर इंग्लंडचा. गेल्या महिन्यात एकाने फोटो पाठवला, "लंडनचं आहे, किंमत किती?" बहुतेक ट्रेड डॉलर आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पाडलेले आहेत, फोर्टात. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर अगदी बारीक "बी" असतो, बॉम्बेचा. त्याला म्हटलं तो बघून सांग. दोन दिवसांनी उत्तर आलं, "दिसत नाही, तुम्ही अंदाजे सांगा ना." दहापट भिंग लागतं त्याला, दीडशे-दोनशे रुपयांचं. अजून आणलेलं नाही त्याने.